झाडावरची गोधडी

बर्निसनं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला झाडावर चढायची बंदी घातली ती मी झाडावरून पडलो म्हणून नव्हे. पडता पडता माझ्या तोंडून जे शब्द गेले ते शेजारच्या रानात बंदूक घेऊन बसलेल्या पास्टरांच्या बायकोनं ऐकले, म्हणून. वास्तविक पडणं म्हणावं असं ते पडणं नव्हतंच. जुनं लाकडी मचाण खालून सुटलं, मी ब्लॅकबेरीच्या काट्यांत जाऊन बसलो, आणि तिथून मला बाहेर काढायला दोन माणसं आणि एक झाडकात्री लागली. एवढंच. पण विस्कॉन्सिनच्या आमच्या भागात हरणाच्या मोसमात घडलेली गोष्ट लोक पुढच्या मोसमापर्यंत पुरवून पुरवून खातात. मी गावात विमा विकतो. वर्षभर येणारं प्रत्येक गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आधी विचारायचं, "रॉली, तुझा स्वतःचा उतरवलायस ना रे?"

असो. अपमान सोसता येतो, सवय होते. खरी काळजी होती झाडाची.

ते झाड म्हणजे सासऱ्यांच्या रानातला ओक. ऑरव्हिल झास्ट्रो हे माझे सासरे, त्यांना घरात सगळे 'पा' म्हणतात, मीसुद्धा. त्यांच्या रानात कुटुंबातल्या प्रत्येक शिकाऱ्याचं एकेक झाड ठरलेलं आहे, आणि कायदा एकच: जो स्वतःच्या पायांनी चढेल त्याचं झाड. ओक जन्मभर पांचा होता. मग त्यांचे दोन्ही गुडघे गेले, आणि एक दिवस त्यांनी पोराला, ड्वेनला, डावलून तो मला देऊन टाकला. कारण सोपं होतं. ड्वेन झाडावर बसून बटाट्याचे वेफर्स खातो. तेव्हापासून पा मोसमभर रानातल्या खोपटात आमच्यासाठी स्वयंपाक करतात, आणि ड्वेन मला रॉली न म्हणता जहागीरदार म्हणतो.

मी पडल्यावर ड्वेनच्या आशेला पालवी फुटली. सप्टेंबरात सगळं कुटुंब जमलं होतं, सॉसेज भाजणं चालू होतं, तेव्हा त्यानं जाहीर केलं, "ओकच्या बुंध्याशी मी डबा ठेवणार. बंद डबा. काचेच्या खिडक्या, आत हीटर, खाली गालिचा."

"आणि झाड?" मी विचारलं.

"झाडाचं काय करायचंय? तुला बर्निस चढू देत नाही. जहागीर पडीक आहे तुझी."

पांनी सॉसेज उलटलं. विचार करताना ते नेहमी काहीतरी उलटतात. म्हणाले, "मोसमाच्या पहिल्या दिवशी उजाडल्यापासून जेवणापर्यंत रॉलीनं त्या ओकवर बसून दाखवावं. बसला तर झाड त्याचं. नाहीतर डबा."

सगळ्यांनी बर्निसकडे पाहिलं. ती आमच्या घरातली सगळ्यात चांगली नेमबाज आहे. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, आणि का कोण जाणे, फक्त माझ्यासमोर बोलली जाते. ती म्हणाली, "चढू दे की. पण असं काहीतरी बांधून, की पडायचं म्हटलं तरी ह्याला पडता येणार नाही."

हल्लीची तरुण पोरं मचाण बांधतच नाहीत. कमरेला एक झोळीसारखं आसन बांधतात, दोरीनं झाडाला टांगून घेतात आणि पायाखाली ताटाएवढी फळी ठेवून दिवस काढतात. अशी आसनं तयार मिळतात. शहाण्या माणसानं तयार घेतलं असतं. पण मी वाचलं होतं की गिर्यारोहकांचा पट्टा त्याहून कितीतरी हलका असतो, आणि थोडी कारागिरी केली की त्याचं आसन होतं. हलकेपणा हा आमच्या शिकाऱ्यांत सध्या नवा धर्म आहे. वजन वाचवायला दात घासायच्या ब्रशची दांडी कापणारी माणसं मी पाहिली आहेत. मी मागवलेला पट्टा जेमतेम पाऊण पौंडाचा होता आणि मुठीत मावत होता. माझ्या पोटाचं वजन ह्या सगळ्या बचतीच्या कितीतरी पट भरेल, असं बर्निस एकदाच म्हणाली. पण म्हणाली ती नेमकी नॉर्बसमोर.

नॉर्बर्ट वॉनिगर आमचा शेजारी. जन्मभर दुधाचा टँकर चालवला, आता निवृत्त झालाय आणि कुंपणाशी कॉफीचा मग घेऊन उभा असतो. मी पुढच्या अंगणातल्या मेपलच्या झाडाला पहिल्यांदा टांगून घेतलं तेव्हाही तो तिथंच होता. रविवार होता, चर्च सुटलं होतं, आणि घरी जाणारी प्रत्येक गाडी आमच्या अंगणापाशी हळू होत होती. काही जणांनी हात केला. मीही केला, कारण दुसरं काही करण्यासारखं राहिलं नव्हतं. गिर्यारोहकाचा पट्टा हा पडणाऱ्या माणसाला झेलण्यासाठी असतो, बसणाऱ्याला बसवण्यासाठी नसतो, हे ज्ञान मला तिथं झालं. मांडीचे दोन फासे सरकत सरकत जिथं जाऊन रुतले त्या जागेचा उल्लेख मी करणार नाही. चर्चमध्ये मी खालच्या पट्टीत गातो. त्या दिवशी बर्निसला मारलेली हाक बरीच वरच्या पट्टीतली होती.

"दुखतंय का?" नॉर्बनं विचारलं.

"नाही."

"मग रंग का असा झालाय?"

"ऊन आहे."

"ढग आलेत," नॉर्ब म्हणाला, आणि कॉफीचा एक घोट घेऊन विचारात पडला. नॉर्ब विचारात पडला की शेजाऱ्यानं घर बदलावं. "तुला बुडाखाली रुंद पट्टी हवी. माझ्याकडे आहे. गाय बसली आणि उठेना की पोटाखालून घालून उचलतात ना, तसली. तुझ्या मापाची होईल."

"गाईची?"

"मोठी गाय होती ती," नॉर्ब माझी समजूत घालत म्हणाला.

ती पट्टी घेतली, ही माझी पहिली पायरी. मग नॉर्ब म्हणाला, बक्कलं वाजतात, हरीण काय बहिरं असतं? म्हणून बक्कलांना चिकटपट्टी गुंडाळली. पट्टी जड, त्यामुळे कंबर खाली ओढली जाते, म्हणून खांद्यावरून दोन पट्टे. खांद्याला काचतात, म्हणून त्यांच्याखाली लोकर. थर्मास हाताशी हवा, म्हणून कप्पा. एका बाजूला कप्पा झाला की माणूस कलतो, म्हणून दुसऱ्या बाजूलाही कप्पा. प्रत्येक सल्ला आपल्या जागी बिनतोड होता. माणसाचा घात बिनतोड सल्ल्यांनीच होतो.

हे सगळं एकमेकांना शिवणं भाग होतं, आणि शिवायच्या आधी विचारून घेणं माझ्यासारख्या विमेवाल्याला शोभणारं होतं. मी पट्ट्याच्या कंपनीला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

"कोणता डोंगर चढताय सर?"

"डोंगर नाही. ओक."

"ओक... कोणत्या राज्यात येतो?"

"सासऱ्यांच्या रानात. झाड आहे ते."

"अच्छा. आणि वर किती वेळ थांबणार सर?"

"उजाडल्यापासून जेवणापर्यंत."

ती अगदी हळुवारपणे म्हणाली, "सर, तुम्ही आत्ता झाडावर आहात का? घाबरू नका. कुणाला पाठवू का?"

मी खुर्चीवर आहे, माझी खुर्ची कार्यालयात आहे आणि कार्यालय तळमजल्यावर आहे, हे तिला पटवण्यात बराच वेळ गेला. शेवटी तिनं नियम सांगितला: मूळ पट्ट्यातून एक जरी टाका गेला तरी कंपनीची हमी संपली. हे वाक्य तिनं ज्या मायेनं उच्चारलं त्याच मायेनं मी आजवर अनेकांना असली वाक्यं ऐकवली आहेत. तेव्हा त्यांना कसं वाटत असेल हे मला प्रथमच कळलं आणि मला ते आवडलं नाही.

तर मूळ पट्ट्याला सुई लावायची नाही, त्याच्यावर घालायची एक खोळ शिवायची, आणि गाईची पट्टी, लोकर, कप्पे हे सगळं त्या खोळीला, असं ठरलं. बर्निसचं मशीन गाईच्या पट्टीवर चालेना. आधी सुई मोडली, मग दुसरी सुई, मग मशीनमधून असा आवाज आला की बर्निस स्वयंपाकघरातून पळत आली. ती मला काही बोलली नाही. मशीनशीच बोलली, "तुझी काही चूक नाही हो."

एवढं जाड शिवणारं मशीन गावात एकच होतं, आमच्या लूथरन चर्चच्या तळघरात, आणि ते होतं गोधडी मंडळाच्या ताब्यात. मंडळाच्या अध्यक्ष मिसेस हिल्डेगार्ड बूटोव. लहानपणी त्यांनी मला रविवारच्या शाळेत शिकवलं आहे. आता माझं डोकं टकलाकडे झुकलं तरी त्यांच्या लेखी मी तोच, ज्यानं नाताळच्या नाटकात मेंढी होऊन पडदा पाडला होता.

"रॉलंड, नखं दाखव," त्या म्हणाल्या. मी दाखवली. ती पास झाली तेव्हा कुठं त्यांनी माझं म्हणणं ऐकून घेतलं. पण मशीन चर्चचं. म्हणजे बैठक आली, बैठकीत ठराव आला, ठरावाला अनुमोदन आलं, आणि कॉफीबरोबर लिंबाच्या वड्याही आल्या. बैठकीला पास्टर लिंडर हजर होते. ते सज्जन आहेत, पण फार घाबरट.

"मला एकच शंका आहे," पास्टर म्हणाले. "चर्चच्या कामाखेरीज मशीन वापरलं आणि कुणाच्या बोटात सुई गेली, तर विमा भरपाई देईल का? एजंटला विचारायला हवं."

"एजंट मीच आहे, पास्टर."

"मग विचारा ना."

सगळ्या बायका माझ्याकडे पाहू लागल्या. मी डोळे मिटले. चर्चचा विमा मीच विकला होता, ते कलम मला तोंडपाठ होतं, आणि ते घालताना मी स्वतःवर खूष झालो होतो तेही आठवत होतं. मी डोळे उघडले.

"एजंट नाही म्हणतोय," मी म्हणालो.

"त्याला समजावून सांगून बघा," पास्टर म्हणाले.

"तो ऐकणारा माणूस नाही."

मिसेस बूटोवनी चष्मा काढून पुसला. "रॉलंड, गोधडी शिवताना बोटात सुई गेली तर?"

"तर भरपाई आहे."

"मग प्रश्न कुठं आला? आपण गोधडी शिवू."

आता आमच्या मंडळाची गोधडी म्हणजे काय, हे ठरलेलं आहे. तीन थर हवेत, मध्ये लोकर हवी आणि मंडळातल्या प्रत्येक बाईच्या हातचा निदान एक तुकडा हवा. एकही तुकडा कमी असेल तर ती गोधडी नव्हे, ते कापड. बंदुकीच्या मोसमात अंगावर भडक नारिंगी रंग घालायचा सरकारी नियम आहे, तेव्हा सगळ्या बायका घराघरांतून नारिंगी कापड शोधून घेऊन आल्या. एकीच्या नातवाचा भोपळ्याचा पोशाख आला. शाळेच्या बँडचा कोट आला. मिसेस बूटोवनी स्वतःच्या पाहुण्यांच्या खोलीचा पडदा आणला, आणि त्यातून आठ टोकांची चांदणी कापून ती बरोबर माझ्या बैठकीच्या मध्यावर बसवली. इतकं सुंदर काम झालं की त्यावर बसणं हा अपराध वाटावा.

चाचणी तळघरातल्या तुळईवर झाली. मला टांगलं, मग बैठकीत पुढचा विषय आला, तो ख्रिसमसच्या जेवणात दोन कोशिंबिरी असाव्यात की तीन. वाद पेटला. मी मागं लटकतोय हे सगळ्या विसरल्या. आणि खरं सांगतो, मलाही खाली उतरायची घाई नव्हती. मांड्या मोकळ्या होत्या. पाठीला ऊब होती. गाईच्या पट्टीनं मला असं पोटाशी धरलं होतं की लहानपणानंतर मला कुणी तसं धरलेलं आठवत नाही. तीन कोशिंबिरींचा ठराव मंजूर झाला तेव्हा मी तिथूनच हात वर केला.

गोष्ट इथं संपली असती. पण मंडळाची गोधडी म्हटली की ती गोधडी रविवारी चर्चमध्ये बाकावर पसरली पाहिजे, पास्टरांनी तिला आशीर्वाद दिला पाहिजे. तो रविवार मोसमाच्या अगदी तोंडावर आला. साठ-सत्तर गोधड्या बाकांवर पसरल्या होत्या आणि त्यांच्यात मांडीची दोन भोकं असलेली माझी, खांद्याच्या पट्ट्यांसकट. ड्वेन मागच्या बाकावरून कुजबुजला, "जहागीरदार, ह्यात दोन माणसं निजतात का?" मी मान वळवली नाही. आशीर्वाद झाला, सगळ्यांनी आमेन म्हटलं, आणि मी फराळाला खाली गेलो. परत येईपर्यंत मंडळाच्या कार्यतत्पर बायकांनी दर वर्षीसारख्या सगळ्या गोधड्या खोक्यांत भरल्या होत्या आणि खोकी परदेशातल्या गरजूंसाठी ट्रकमध्ये चढवून रवाना केली होती. माझीसुद्धा.

मी गोदाम गाठलं ते शेजारच्या शहरातलं. तिथं एक म्हातारा स्वयंसेवक होता. त्याला मी सांगितलं की एक गोधडी परत न्यायची आहे. त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"लोक इथं द्यायला येतात," तो म्हणाला.

"चुकून आली हो ती."

"थंडीनं कुडकुडणारं पोर कुणाच्या तरी दारात बसलंय, आणि तुम्ही चुकून म्हणताय."

खोकी उघडली. माझी गोधडी त्यानं दोन्ही हातांनी वर धरली. भोकं पाहिली, पट्टे पाहिले, आतून लोंबणारा दोर आणि कडी पाहिली, थर्मासचा कप्पा पाहिला. "ही कुठल्या पोराची?"

"माझी," मी म्हणालो. माझ्या आयुष्यात मी इतक्या खालच्या आवाजात बोललेलो नाही. त्यानं गोधडी माझ्या हातात दिली आणि माझ्या गाडीत डोकावून पाहिलं. परतताना माझ्या गाडीतून बर्निसच्या सहलीच्या दोन चादरी त्या खोक्यात गेल्या होत्या. त्या तिच्या आवडत्या होत्या हे मला घरी आल्यावर समजलं.

मोसमाच्या आदल्या संध्याकाळी नॉर्बनं वासराचं वजन करायच्या काट्यावर माझा हलका पट्टा ठेवला. नऊ पौंड भरला. "थर्मास धरला नाही अजून," तो म्हणाला.

पहाटे खोपटातून निघालो तेव्हा जमिनीवर पातळ बर्फ होतं. झाडाभोवती दोर टाकून, तो वर सरकवत, बांधलेल्या पायऱ्या चढत मी ओकवर पोचलो. खाली बर्निस माझी प्रत्येक गाठ पाहत उभी होती. वरचा दोर खोडाला घट्ट बसला, कडी अडकली, मी मागं रेललो, तेव्हा ती आपल्या जागेकडे निघाली. जाता जाता म्हणाली, "काट्यांत जाऊ नकोस, काय?" आमच्याकडे ह्याला प्रेम म्हणतात.

उजाडलं. खार दिसली. दूर कुठंतरी कुणाची तरी पहिली बंदूक वाजली. मी रायफल मांडीवर घेतली, कानटोपी खाली ओढली आणि हरणाची वाट पाहू लागलो. गोधडीत ऊब होती. वारा झाडाला हळूहळू डोलवत होता. झाड मला डोलवत होतं. हे झाड आता माझ्याकडेच राहणार ह्या विचारानं मला इतकं बरं वाटलं की मी क्षणभर, अगदी क्षणभर, डोळे मिटले.

बुटाच्या तळव्याला काहीतरी टोचलं म्हणून मी जागा झालो. खाली पा काठीला काठी जोडून मला ढोसत होते. शेजारी बर्निस होती. ड्वेन बर्फात पाय आपटत येरझाऱ्या घालत होता.

"जेवण तयार आहे," पा म्हणाले.

"हा घोरत होता!" ड्वेन ओरडला. "पा, मी पलीकडच्या झाडावरून सगळं पाहिलं. आठ टोकांच्या शिंगांचा नर! आठ! आला, ह्याच्या बुडाखाली उभा राहिला, बुंध्याला शिंगं घासली, झाड हललं, तरी हा उठला नाही. उलट जास्त घोरायला लागला!"

"मग तू का नाही मारलास?" बर्निसनं विचारलं.

"बरोबर ह्याच्याच रेषेत होता तो. गोळी घातली असती तर तू विधवा झाली असतीस."

"विमा आहे," बर्निस म्हणाली.

ड्वेननं चाकू काढला. आमच्या रानात रिवाज असा की ज्याचा नेम चुकेल त्याच्या सदऱ्याचा मागचा घोळ कापायचा आणि नाव घालून खोपटाच्या भिंतीला खिळ्यानं ठोकायचा. भिंतीवर ड्वेनचे घोळ इतके आहेत की त्यांची मंडळानं एक गोधडी केली असती. त्याचं म्हणणं असं, की पुढ्यातला नर झोपेत घालवणं म्हणजे नेम चुकणंच, शिवाय झोपलेला माणूस बसलेला धरता येत नाही, सबब झाड ड्वेनचं आणि माझ्या सदऱ्याचा घोळही त्याचाच. मी वरून बाजू मांडली. टांगलेल्या अवस्थेत बाजू मांडणं सोपं नसतं, कारण बोलता बोलता माणूस गोल फिरतो आणि अर्धा युक्तिवाद खोडाकडे तोंड करून करावा लागतो.

पांनी काठी ह्या हातातून त्या हातात घेतली. "नेम चुकला की घोळ कापायचा. ह्यानं नेमच धरला नाही. सदरा राहू दे."

"आणि झाड?"

"मी बस म्हणालो होतो. जागा राहा म्हणालो नव्हतो. ह्याच्याइतकं घट्ट बसलेला माणूस मी ह्या झाडावर पाहिला नाही. झाड रॉलीचं."

मला आनंद झाला. लहान पोराला होतो तसा झाला, आणि वर कुणी पाहत नाही असं वाटून मी ओकच्या खोडाला एक थाप मारली. मग सावकाश खाली उतरलो, कडी सोडली आणि पट्टा काढून बर्फावर ठेवला.

पा पुढं आले. त्यांनी अंगठ्यानं ती नारिंगी चांदणी दाबून पाहिली. पुन्हा दाबली.

"ह्यात गुडघ्यांवर भार येत नाही?"

"नाही, पा. सगळा भार बैठकीवर."

"आणि चढताना?"

"चढताना येतो."

"हां," पा म्हणाले. त्यांनी काठी उचलली आणि खोपटाकडे जायला वळले. दोन पावलं गेले आणि थांबले. ते मान वर करून ओककडे बघत होते, जसं आपण स्टेशनवर गाडी सुटून गेल्यावर रुळांकडे बघत राहतो. ड्वेननं चाकू मिटून खिशात घातला.

मग तोच म्हणाला, "कप्पी आणू का?"

खोपटाबाहेर आमची एक कप्पी आहे. मारलेलं हरीण टांगायला. मोठ्यातला मोठा नर तिच्यावर एक माणूस ओढतो.

"वेडा आहेस का? पांना हरणासारखं टांगणार?" बर्निस म्हणाली. पण म्हणता म्हणता ती गुडघ्यावर बसून पांच्या मांडीचे फासे बांधायला लागली होती. प्रत्येक बक्कल तिनं ओढून पाहिलं, मग मला ओढायला लावलं, मग पुन्हा स्वतः ओढलं. ड्वेन कप्पी घेऊन धावत आला. कमरेला दोर बांधून, पायऱ्या चढून मी ती वरच्या जाड फांदीला बांधली, आणि आम्ही दोघा मेव्हण्यांनी दोर धरला.

"हरणं आपण मागच्या पायांनी वर नेतो," पा म्हणाले. "मला सरळ न्या."

आम्ही ओढलं. पा जमिनीवरून सुटले. त्यांचे गुडघे माझ्या खांद्यापाशी आले, मग त्यांचे बूट आले, मग फक्त चांदणी दिसायला लागली. ड्वेनच्या नाकाचं पाणी थांबत नव्हतं. थंडी होती, असं तो पुढं सांगत फिरला. माझंही थांबत नव्हतं, आणि मी कुणाला काही सांगितलं नाही. फळीवर त्यांचे पाय टेकले, बर्निसनं पायऱ्या चढून खोडाचा दोर त्यांच्या कडीत अडकवला, मग रिकामी रायफल सुतळीनं वर ओढून त्यांच्या हातात दिली आणि गोळ्या त्यांच्या खिशात घातल्या. ती आणि ड्वेन खोपटाकडे गेले, कारण रस्सा करपायला लागल्याचा वास इथपर्यंत येत होता.

मी तिथंच राहिलो. वर बघत राहिलो. पा मागं रेलून बसले होते, गुडघे मोकळे, तोंड रानाकडे. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा इतका निवांत मी पाहिला नव्हता. मला काहीतरी बोलावंसं वाटलं.

"पा," मी हळूच म्हणालो, "कसं वाटतंय?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग खाली वाकून, दात-ओठ खात, पण कुजबुजत म्हणाले, "माझ्या झाडाखालून हल. तुझ्या वासानं एकही हरीण येणार नाही."

मी हललो.